मुंबई–नागपूर: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात तिकीट बुकिंगचं काम करताना दिवसातून दहा वेळा तरी हेच प्रश्न येतात. कधी फोनवर, कधी व्हॉट्सॲपवर, कधी काउंटरपाशी उभं राहून. मुलाखतीला निघालेली मुलं विचारतात, परळला उपचारासाठी जाणारी कुटुंबं विचारतात, नातवंडांकडे निघालेले आजी-आजोबा विचारतात. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवलंय. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलंय.

१. मुंबई ते नागपूर अंतर नक्की किती? कुठे ६८५ किमी लिहिलंय, कुठे ७०१, कुठे ८३७. खरं कोणतं?

तिन्ही खरी आहेत, फक्त मोजलेल्या वाटा वेगळ्या. मुंबईच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत आकाशातून सरळ रेषा धरली, तर अंतर साधारण ६८५ किमी भरतं. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किमी आहे, पण तो नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंतच आहे. दोन्ही टोकांना शहरातलं अंतर वेगळं धरायचं. ८३७ किमी हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर असं रेल्वेचं अंतर.

रेल्वेचं अंतर एवढं जास्त का, तर रूळ सरळ पूर्वेला येतच नाहीत. कसारा घाट चढून गाडी नाशिक, मनमाड करत वर खानदेशात जाते आणि भुसावळनंतर अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला पोचते. हा मार्ग एकोणिसाव्या शतकात आखला गेला, तेव्हा घाटाची सोय आणि कापसाचा मुलूख पाहून रूळ टाकले. नकाशात पाहिलं की तो बाक लगेच डोळ्यांत भरतो.

पुष्कळजण झिरो माइलचं नाव काढतात. विधान भवनाजवळचा तो स्तंभ नागपूरकरांच्या अभिमानाचा आहे, पण विमानाचं अंतर तिथून मोजत नाहीत. ते दोन्ही विमानतळांच्या ठरलेल्या बिंदूंमधलं असतं.

२. विमानाने किती वेळ लागतो?

तिकिटावर बहुतेक १ तास २५ मिनिटं ते १ तास ४० मिनिटं लिहिलेले असतात. यात विमान प्रत्यक्ष हवेत साधारण तास-सव्वा तास असतं. बाकीचा वेळ जमिनीवर जातो.

३. विमान ताशी ८०० किमीने उडतं. मग ६८५ किमीला पन्नास मिनिटं पुरायला हवीत. दीड तास कशाला?

हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात तेव्हा मला फार बरं वाटतं. गणित बरोबरच आहे, पण तो वेग मधल्या टप्प्यातलाच असतो. उड्डाणानंतर पस्तीस हजार फुटांच्या आसपास चढायला साधारण वीस मिनिटं लागतात आणि उतरणीला पंचवीस. म्हणजे मुंबई–नागपूर प्रवासात विमान पूर्ण वेगाने जेमतेम पंधरा-वीस मिनिटं उडतं. हवाई सुंदरी पाण्याची ट्रॉली घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत पोचते न पोचते, तोच पट्टे बांधायची सूचना होते, ती यामुळेच.

शिवाय तिकिटावरची वेळ चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतची असते. दार लागलं, ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं, की घड्याळ सुरू. पुढे धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, तिथे रांगेत थांबणं, उतरल्यावर जागेवर येऊन उभं राहणं, सगळं त्यात येतं. मुंबईत या रांगेतच वीस मिनिटं जाऊ शकतात. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून वेळापत्रकात त्या थोडी सैल जागा ठेवतात. अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधी कधी दहाच मिनिटं उशिरा पोचतं, ते या सैल जागेमुळे.

४. मुंबईहून येताना आणि मुंबईला जाताना वेळेत फरक का पडतो?

दोन कारणं आहेत: वारा आणि मुंबई.

हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. नागपूरकडे येणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात आणि मुंबईकडे जाणाऱ्याला समोरून अडवतात. या छोट्या अंतरावर फरक पाच ते दहा मिनिटांचाच पडतो. पावसाळ्यात हे उलटतं. खाली नैऋत्येचे वारे पाऊस घेऊन येत असतात, त्याच वेळी वर, विमानं उडतात त्या उंचीवर, वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईला जाताना वारा सोबत असतो.

आता मुंबई. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि सगळा भार एकीवरच पडतो. गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावं लागतं. नागपूरच्या विमानाला एक सोय आहे. मुंबईत बहुतेक वेळा विमानं पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरतात. आपण पूर्वेकडूनच येतो, म्हणून फारसा वळसा पडत नाही. मुंबईहून निघताना मात्र विमान जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रावर जातं, मग वळून परत शहराच्या अंगाने पूर्वेकडे येतं. खिडकीतून आधी समुद्र दिसला म्हणून एक काकू घाबरल्या होत्या, चुकीच्या विमानात बसलो की काय! तसं काही नसतं, दिशा पुढे बदलते.

५. घरापासून घरापर्यंत एकूण किती तास धरायचे?

विमानाचा दीड तास ऐकून लोक पुढचा कार्यक्रम आखतात आणि तिथेच फसतात. धरमपेठेतून परळपर्यंतचा हिशोब मांडून दाखवते.

घर ते सोनेगावचा विमानतळ पंचवीस मिनिटं. तिथे उड्डाणाआधीचे पावणेदोन तास. विमानाचे दीड तास. मुंबईत विमानातून बाहेर पडून पट्ट्यावरची बॅग हातात येईपर्यंत अर्धा तास. पुढे परळपर्यंत टॅक्सीने एक तास, तोही रस्ता बरा असेल तर. बेरीज पाच तास दहा मिनिटं. बॅग सोबतच ठेवली तर वीस मिनिटं वाचतात. टॅक्सी मिळायला उशीर झाला तर तीच वीस मिनिटं परत जातात.

मी सगळ्यांना साडेपाच तास धरायला सांगते. नागपूर मेट्रोच्या ऑरेंज मार्गिकेवर एअरपोर्ट नावाचं स्थानक वर्धा रोडवर आहे, पण ते टर्मिनलला लागून नाही. सामान जड असेल तर थेट रिक्षा किंवा टॅक्सी बरी. मुंबईत भुयारी मेट्रो ३ ची स्थानकं दोन्ही टर्मिनलजवळ आहेत आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते. हलकं सामान असलेल्यांना बीकेसी, वरळी, चर्चगेट या भागांत जायला ती टॅक्सीपेक्षा खात्रीची.

६. मुंबईत सकाळी १० ची अपॉइंटमेंट आहे. पहाटेच्या विमानाने गेलं तर चालेल का?

नको. आदल्या दिवशी जा.

हे इतकं ठामपणे सांगते, त्यामागे एक प्रसंग आहे. गोंदिया जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं. वडिलांना तपासणीसाठी मुंबईच्या एका रुग्णालयात सकाळी बोलावलं होतं. मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून त्यांनी पहाटेच्या विमानाचा आग्रह धरला आणि मीही फार न बोलता तिकीट काढून दिलं. विमान वेळेवर उतरलं. बॅगेत जुन्या रिपोर्टांची जाडजूड फाइल होती आणि ती बॅग त्यांनी खाली सामानात टाकली होती. पट्ट्यावर बॅग यायला चाळीस मिनिटं लागली, पुढे हमरस्त्यावर वाहतूक तुंबली. मुलगा टॅक्सीतून मला फोन करून विचारत होता, ताई, तिथे कुणाला सांगता येईल का. साडेदहानंतर ते पोचले, तोवर नंबर गेला होता. पुढची तारीख आठ दिवसांनी मिळाली. मुक्कामाचा वाचवलेला खर्च आठ पटीने झाला.

तेव्हापासून उपचारासाठी जाणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय तिकीट देत नाही. एक दिवस आधी पोचा, आणि रिपोर्ट, औषधं, केसपेपर हातातल्या पिशवीत ठेवा. काहीही झालं तरी ती पिशवी खाली टाकायची नाही.

७. मुंबईत टर्मिनल १, टर्मिनल २ आणि आता नवी मुंबई. माझं विमान कुठे उतरतं हे कसं कळणार?

तिकिटावर शहराच्या नावाशेजारी लिहिलेलं असतं, फक्त तिकडे कुणी पाहत नाही. टर्मिनल १ विलेपार्ल्याच्या बाजूला, सांताक्रूझजवळ आहे. टर्मिनल २ अंधेरी-सहारच्या बाजूला आहे. धावपट्ट्या त्याच, पण प्रवेशाचे रस्ते वेगळे. चुकलं तर एकाकडून दुसरीकडे जायला गर्दीत अर्धा तास जाऊ शकतो. कंपन्या टर्मिनल बदलत असतात, म्हणून मागच्या वेळच्या आठवणीवर जाऊ नका. प्रवासाच्या आदल्या दिवशी तिकीट पुन्हा उघडून पाहा.

नवी मुंबईचं विमानतळ उलवे-पनवेलच्या बाजूला आहे. तिथून प्रवासी विमानं डिसेंबर २०२५ च्या शेवटी सुरू झाली. मुंबईचा संकेत बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. पनवेल, खारघर, वाशी, उरण इथे राहणाऱ्यांना नवी मुंबई फार सोयीची. बोरिवली, मीरा रोड किंवा वसईला जायचं असेल, तर पाचशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून नवी मुंबईचं तिकीट घेऊ नका. ते पाचशे टॅक्सीत जातील आणि वर दोन तासही.

८. दुरांतो की विमान?

वेळ कमी असेल तर विमान, रात्र मोकळी असेल तर दुरांतो. हे मी आडपडदा न ठेवता सांगते, दोन्हींची तिकिटं माझ्याकडेच निघतात.

दुरांतो संध्याकाळी आठ-साडेआठच्या सुमारास सुटते आणि सकाळी सात-आठला पोचवते. साधारण अकरा तास. पण जेवून झोपलात की त्यातले आठ तास झोपेत जातात, आणि उतरता थेट मुंबईच्या पोटात. नागपूरच्या स्टेशनवर अर्धा तास आधी गेलं तरी पुरतं. सामानाच्या वजनाची कटकट नाही. म्हणजे दिवसाचे जागे तास मोजले, तर प्रश्न ५ मधल्या साडेपाच तासांपेक्षा दुरांतोच कमी वेळ खाते. विदर्भ एक्सप्रेसही रात्रीचीच गाडी आहे. तिला थांबे जास्त, पण बडनेरा, अकोल्याच्या लोकांना तीच हक्काची.

झोप सावध असेल तर मुंबईहून येताना कसाऱ्याला जाग येईल. तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. घाटात दर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. इंजिन लागताना बसणारा हलका धक्का माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीचा आहे.

९. समृद्धीने आठ तासांत मुंबई, हे खरं आहे का?

महामार्गापुरतं खरं आहे. नागपूर–शिर्डी हा ५२० किमीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला. त्या शेवटच्या टप्प्यात इगतपुरीजवळ जवळपास आठ किमीचा बोगदा आहे, त्यामुळे कसारा घाटाचा त्रास वाचतो. कारला सपाटीवर ताशी १२० किमीची मर्यादा आहे, घाटात १००. सगळा रस्ता १२० ने कापला तर सहा तासांच्या आत होतो, पण माणसं तसं चालवत नाहीत आणि चालवूही नये. मध्ये चार थांबे घेतले की आठ तास होतात. मग आमणेहून मुंबईत शिरायला चाळीस-पन्नास किमी, आणि तिथल्या वेळेची हमी कुणी देऊ शकत नाही. घर ते घर दहा तास धरा.

दुचाकी आणि रिक्षांना या रस्त्यावर बंदी आहे. टायर निघण्यापूर्वी तपासाच. उन्हाळ्यात काँक्रीट तापतं आणि झिजलेले टायर १२० च्या वेगात फुटतात. सरळ रस्त्यावर तासन्‌तास तेच दृश्य पाहून डोळे उघडे असतात पण मन झोपतं. दर दीड-दोन तासांनी उतरा, तोंडावर पाणी मारा. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बसचा अपघात होऊन २५ माणसं गेली. त्या बसमध्ये नागपूरहून निघालेली मुलं होती. रात्री एकट्याने गाडी चालवत जाणार असाल, तर मी तुम्हाला दुरांतोचंच तिकीट घ्यायला सांगेन.

१०. विमानतळावर किती आधी पोचायचं?

पावणेदोन ते दोन तास. काउंटर साधारण उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी. वेब चेक-इन घरूनच करून घ्या. बॅग खाली टाकायची नसेल तर नागपुरात सव्वा तासही पुरतो, मुंबईत नाही.

११. संत्री, वड्या-पापड, लोणचं नेता येतं का?

येतं. संत्री आणि संत्रा बर्फी हातातल्या बॅगेतही चालते. लोणचं, तेल आणि पातळ असेल ते सगळं खालच्या सामानात टाका, सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावतात. बरणीचं तोंड आधी प्लास्टिकने बांधा, वर झाकण लावा, मग दुसऱ्या पिशवीत घाला. सुकं खोबरं विमानात नेऊ नका. त्यात तेल असल्यामुळे ते ज्वलनशील समजतात आणि खालच्या बॅगेतूनही बाहेर काढतात.

पॉवर बँक उलट: ती हातातल्या बॅगेतच हवी, खाली चालत नाही. देशांतर्गत प्रवासात सहसा खाली १५ किलो आणि हातात ७ किलो चालतात. घरच्या काट्यावर वजन करून निघा.

१२. आई पंच्याहत्तरची आहे, पहिल्यांदाच विमानात बसणार. आणि सोबत सहा महिन्यांचं बाळ. काय काळजी घ्यायची?

आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी. चालता येत असलं तरी सांगा. मुंबईचं टर्मिनल २ एवढं लांबलचक आहे की गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते पायी पार करणं जड जातं. व्हीलचेअर घेणं कमीपणाचं वाटून पुष्कळ आया नको म्हणतात. त्यांना सांगा, रांगेत उभं राहावं लागणार नाही. मग तयार होतात.

बाळाचा त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त असतो. पंचवीस मिनिटांत विमान पस्तीस हजार फुटांवरून खाली येतं, केबिनमधला दाब वाढत जातो आणि बाळाला कानाचा दडा सोडवता येत नाही. उतरण सुरू झाल्याची सूचना झाली की बाळाला पाजायला घ्या. गिळताना कान मोकळे होतात. आधीच पाजून झोपवलंत तर नेमक्या वेळी ते दूध घेत नाही. मोठ्यांनी गोळी चघळावी. सर्दी जोरात असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

१३. तिकीट कधी महाग होतं?

दिवाळी आणि मेची सुट्टी सगळ्यांना माहीत आहे. नागपूरची खास वेळ म्हणजे डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन. नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चे, सगळे मुंबईहून इकडे येतात. सोमवारी सकाळी मुंबई–नागपूर आणि शुक्रवारी संध्याकाळी नागपूर–मुंबई ही तिकिटं तेव्हा हात लावू देत नाहीत. उलट दिशेला त्याच दिवशी बरी मिळतात.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी मुंबईच्या गाड्यांचा अंदाज आधीच घ्यावा. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी गर्दी नागपूरकडे असते. रेल्वे दोन्ही वेळी जादा गाड्या सोडते. त्यांची घोषणा थोडेच दिवस आधी होते, तेव्हा पेपर वाचत राहा.

१४. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात विमानं उशिरा का होतात?

मुंबईत धो-धो पाऊस लागला की धावपट्टी दिसत नाही. विमानं आकाशात थांबतात आणि इंधन कमी होऊ लागलं की दुसऱ्या शहरात वळवली जातात. तुमचं विमान नागपुरातूनच उशिरा सुटलं, तर चिडू नका. मुंबईवर घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबवून ठेवणं बरं असतं.

उन्हाळ्याचं कारण वेगळं आहे. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते, तिच्यात पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त धावावं लागतं. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची, म्हणून विमानं उडतात. पण दुपारी वर जाणारी गरम हवा चढताना आणि उतरताना हादरे देते. मळमळ होणाऱ्यांनी सकाळचं विमान घ्यावं.

याशिवाय मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस देखभालीसाठी सहा तास बंद असतात. तारीख आधी जाहीर होते आणि त्या दिवशीच्या वेळा बदललेल्या असतात.

१५. विमान उशिरा झालं किंवा रद्द झालं तर मला काय मिळतं?

इथे उड्डाणाच्या वेळेला अर्थ येतो. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात हक्क या वेळेवरच ठरतात. आपलं विमान अडीच तासांच्या आतल्या गटात येतं, म्हणून दोन तासांहून जास्त उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, तुम्ही म्हणाल ते. रद्द झाल्याचं २४ तासांपेक्षा कमी वेळ राहिला असताना कळवलं, तर परताव्याव्यतिरिक्त भरपाई असते. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं आणि इंधन शुल्काची बेरीज, यात जी रक्कम कमी असेल ती. हवामान, सुरक्षा, हवाई वाहतूक नियंत्रण अशा हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तिकिटावर तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर आहे ना, तेवढं पाहा. पुष्कळ ठिकाणी बुकिंग करणारे स्वतःचा नंबर टाकतात. रद्द झाल्याचा मेसेज मग त्यांच्या फोनवर जातो आणि तुम्ही पहाटे चार वाजता विमानतळावर उभे. वर कंपनीही म्हणते, आम्ही कळवलं होतं.

१६. अमरावती मुंबईला जवळ. मग अमरावतीच्या विमानाला नागपूरपेक्षा जास्त वेळ का?

बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली. अंतर साधारण ५४० किमी, म्हणजे नागपूरपेक्षा जवळपास दीडशे किमी कमी. पण ते पंख्याचं एटीआर विमान आहे, ताशी पाचशे किमीच्या आसपास उडणारं. म्हणून वेळ पावणेदोन तास. तरीही अमरावतीकराने नागपूर गाठण्यापेक्षा हेच बरं, कारण दीडशे किमीचा रस्ता वाचतो. फक्त ज्या दिवशी हे विमान असतं तो दिवस पाहून बेत आखा.

१७. पुणे–नागपूरला पण एवढाच वेळ का?

जवळजवळ. सरळ अंतर ६०५ किमीच्या आसपास आणि तिकिटावर साधारण तेवढाच वेळ, कारण चढण-उतरण तीच (प्रश्न ३). पुण्याचं लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे विमानातून किंवा धावपट्टीवर फोटो काढू नका. गाडीने जायचं तर अजनी–पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून आहे, ८८१ किमी, बारा तास.

१८. पूर्वी नागपुरात मध्यरात्री देशभरची विमानं जमायची, असं बाबा सांगतात. खरं आहे का?

अगदी खरं आहे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान रात्री निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे, आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरांत परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटलं जायचं. नागपूर सगळ्यांना सारखंच मधोमध म्हणून हे जमलं. जुने नागपूरकर त्या रात्रीच्या घरघरीबद्दल अजून सांगतात.

१९. खिडकीची कोणती बाजू घ्यावी?

नागपूरकडे येताना उजवी. सरळ रेषेत पाहिलं तर पैठणचा नाथसागर रेषेच्या दक्षिणेला आहे आणि लोणार सरोवर तीसेक किमी दक्षिणेला. ऑक्टोबर ते जानेवारीत सकाळच्या विमानात, आकाश निरभ्र असेल तर, उडाल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी खाली बघत राहा. शेतांच्या चौकोनांमध्ये अचानक एक गोल हिरवट डाग दिसतो, कडा झाडांनी गडद झालेली. उल्केच्या आघाताचं ते विवर काठापासून काठापर्यंत जवळपास १.८ किमी आहे. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसालाही उठवून दाखवलं होतं. मुंबईला जाताना डावी बाजू. पंखावरची सीट मात्र घेऊ नका.

२०. मुंबई-नागपूरचं घड्याळ एकच. मग संकष्टीचा चंद्रोदय वेगळा का? विमानात असताना उपास कधी सोडायचा?

घड्याळ एक असलं तरी सूर्य-चंद्राला आपली प्रमाणवेळ माहीत नाही. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडं जास्त आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणून नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. ऋतूप्रमाणे यात थोडी कमीजास्त होते. चंद्राचंही तसंच. म्हणून पंचांगात गावागणिक वेळा असतात. मुंबईत नोकरीला असलेली मुलं आईला फोन करून "तुमचा उगवला का" विचारतात, तेव्हा नागपुरात नैवेद्य दाखवूनही झालेला असतो.

विमानात असाल तर माझी सासू म्हणते तसं करा: उतराल त्या गावची वेळ धरा.

२१. संध्याकाळी मुंबईला जाताना सूर्य बराच वेळ मावळत नाही असं वाटलं. भास होता का?

भास नव्हता. आपल्या अक्षांशावर पृथ्वी पूर्वेकडे ताशी सुमारे १,५७० किमीने फिरते. पश्चिमेला निघालेलं विमान ताशी आठशेने सूर्याचा पाठलाग करतं, म्हणजे जवळपास निम्म्या वेगाने. त्यामुळे वर पोचल्यावर सूर्य नेहमीच्या निम्म्या गतीने खाली सरकतो. त्यात पस्तीस हजार फुटांवरून क्षितिज खाली गेलेलं असतं, म्हणून जमिनीवरच्या माणसापेक्षा तो दहा-पंधरा मिनिटं जास्त दिसतो. नागपुरात दिवे लागलेले असताना उडालात, तर चढता चढता मावळलेला सूर्य पश्चिमेला पुन्हा थोडा वर आलेलाही दिसू शकतो. तो पाहायला उजवी किंवा डावी, दोन्ही खिडक्यांतून थोडी मान पुढे घ्यावी लागते, कारण सूर्य विमानाच्या नाकासमोर असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा डावीकडे बसा.